हेडफोनचा आवाज फोन आपोआप कमी करतो, ही वॉर्निंग कायमची बंद होते का?

फर्स्टक्लास_उभा:

मंडळी, डोक्याला ताप झालाय, जरा मदत करा. आतेभाऊ जर्मनीला असतो, तो दिवाळीला आला तेव्हा तिकडनं माझ्यासाठी फोन घेऊन आला. अँड्रॉइडच आहे, १४ च्या पुढचा, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मग सगळे कंपनीवरूनच भांडत बसतील. फोन एक नंबर आहे पण हेडफोन लावला की त्याच्यातली आई जागी होते. या आठवड्यात जेवढा मोठा आवाज ऐकणं सेफ आहे तेवढा तुम्ही ऐकून झालात, असा काहीतरी मेसेज येतो आणि मी काही दाबलं नाही तर आवाज सरळ खाली. आता तुम्हीच सांगा, ८.१२ च्या फास्टला फोन पँटच्या खिशात, एक हात कडीला, दुसरा हात बॅगेला, ठाण्याला लोक चढल्यावर खिशात हात घालायची सोय नाही, मग मी मेसेज कुठून बघणार आणि ओके कुठून दाबणार? परवा मुलुंडपासून भायखळ्यापर्यंत शेजारच्या काकांचं शेअर मार्केट ऐकत गेलो.

रोज डोंबिवली ते सीएसएमटी, जाऊन येऊन अडीच तास, शनिवार धरून सहा दिवस. वायरवाले साधे इअरफोन वापरतो, कधी कधी ब्लूटूथ. वर म्हणजे हाच फोन भावाच्या गाडीला ब्लूटूथने जोडला तरी गाडीतला आवाज हेडफोनच्या खात्यात धरतो असं वाटतंय, कारण लोणावळ्याला जाऊन आलो त्या आठवड्यात मेसेज बुधवारीच आला.

तर वॉर्निंग कायमची बंद होते का, आणि मुळात फोनला कसं कळतं माझ्या कानात किती आवाज जातोय, मोजतो का खरंच की अंदाजपंचे? माझ्या आधीच्या फोनात, जो इथेच घेतला होता, असलं काहीच नव्हतं.

---

भंगार_टेक:

जुन्या पद्धतीची वॉर्निंग असती तर सोपं होतं. डेव्हलपर ऑप्शन चालू करायचे, कॉम्प्युटरला फोन जोडायचा आणि एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं टूल) ग्लोबल सेटिंगमधलं 'ऑडिओ सेफ व्हॉल्यूम स्टेट' २ करून टाकायचं, मग फोन समजतो की तुम्ही ओके दाबलेलं आहे. ३ असेल तर वॉर्निंग चालू. वीस तास ऐकून झाले की फोन ते परत ३ करतो म्हणून लोक टास्करमध्ये (ठरलेली कामं आपोआप करणारं अॅप) टाकून ठेवतात. पण तुम्ही लिहिलेला मेसेज आठवड्याच्या हिशोबाचा आहे, तो अँड्रॉइड १४ पासून आला, त्याला ही युक्ती पुरत नाही.

गाडीचं मात्र होतं. ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह दाबा, आत 'ऑडिओ डिव्हाइस टाइप' असेल तिथे कार किट निवडा. आयफोनवाल्यांनी ब्लूटूथमध्ये नावापुढच्या आय वर जाऊन डिव्हाइस टाइप कार स्टिरिओ करायचं. घरच्या ब्लूटूथ स्पीकरलापण करून ठेवा, नाहीतर हॉलमध्ये लावलेली आरतीपण फोन तुमच्या कानात घालतो.

---

श्टुटगार्टकर:

आतेभावाला बोलू नका, इकडे सगळ्याच फोनांत आहे. युरोपात २०१३ पासून हे कंपल्सरी आहे. आधीची पद्धत अशी की ८५ डेसिबलपर्यंत फोन काही बोलणार नाही, त्याच्यावर जायचं तर तुम्ही स्वतः हो म्हणायचं, आणि मोठ्या आवाजात ऐकण्याचे वीस तास भरले की परत विचारणार. वरची हद्द १०० डेसिबल, त्याच्यावर प्लेअरने द्यायचंच नाही. भंगार_टेक म्हणतायत ते वीस तास हेच. आता त्याच्याऐवजी आठवड्याचा डोस मोजायची पद्धत आलीय, ती जास्त शहाणी आहे कारण नुसतं बटण कुठे आहे ते न बघता किती मोठं आणि किती वेळ दोन्ही बघते.

आधीच्या फोनात का नव्हतं त्याचं कारण सोपं आहे. अँड्रॉइडच्या मूळ कोडात ही वॉर्निंग सिमच्या देशाच्या कोडवरून चालू-बंद व्हायची, युरोपातलं सिम असेल तर चालू. आणि बऱ्याच कंपन्या फोन ज्या देशासाठी बनवला त्यावरूनही ठरवतात. तुमचा जर्मनीसाठीचा पीस आहे, त्यामुळे तो डोंबिवलीत आला तरी कायदा इकडचाच पाळणार.

हे प्रकरण फोनच्याही आधीचं आहे बरं का. फ्रान्सने पोर्टेबल प्लेअरला १०० डेसिबलची हद्द फार आधी घातली होती आणि २००२ मध्ये तिथे आयपॉड दुकानातून काढून घ्यायची वेळ आली होती, मग आवाज कमी करणारं सॉफ्टवेअर टाकून परत विकायला आले. २००८ ला युरोपियन कमिशनच्या शास्त्रज्ञांच्या समितीने रिपोर्ट दिला की जे लोक रोज तासाभराहून जास्त, ८९ डेसिबलच्या वर, पाच वर्षं ऐकतात त्यांच्यातल्या ५ ते १० टक्के लोकांना कायमचं कमी ऐकू यायचा धोका आहे. पुढचे नियम त्यातूनच आले.

माझी तक्रार एकच आहे, इकडे विकायच्या प्लेअरला आउटपुट १५० मिलीव्होल्टच्या आत ठेवावं लागतं, त्यामुळे स्टुडिओचे जास्त इम्पीडन्सचे, म्हणजे वाजायला जास्त व्होल्टेज लागणारे, हेडफोन लावले तर फुल करूनसुद्धा कुजबुजल्यासारखे वाजतात. नियम करणाऱ्यांनी साधे इअरफोन डोळ्यासमोर ठेवले, बाकीच्यांनी अँप्लिफायर घ्या.

---

कर्णपिशाच्च:

पोटापाण्यासाठी लाइव्ह साउंडच करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांब झालं तर सोडून द्या.

आधी फोन मोजतो कसा ते. माइकने मोजत नाही. गाण्याच्या फाइलमधला सिग्नल त्या क्षणाला किती मोठा आहे आणि तुम्ही व्हॉल्यूम कुठे ठेवलाय हे त्याला माहीत असतं, त्यात हेडफोन किती सेन्सिटिव्ह आहे हे धरून तो कानाशी किती डेसिबल असतील ते काढतो. कंपनीचे स्वतःचे इअरबड्स असतील तर हे बऱ्यापैकी बरोबर येतं कारण त्यांचा आकडा त्याच्याकडे असतो. तुमच्यासारखे स्टेशनबाहेर घेतलेले वायरवाले असतील तर फोन एक सरासरी आकडा धरून चालतो, त्यात पाच-सात डेसिबल इकडे तिकडे सहज. म्हणजे अंदाज आहे, पण आंधळा नाही. यामुळेच एकाच स्लायडरवर बालगंधर्वांची जुनी रेकॉर्ड लावली तर डोस कमी चढतो आणि आजकालचं रिमिक्स लावलं तर भराभर चढतो, कारण नवीन गाणी मास्टरिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या शेवटच्या टप्प्यात, ठोकून ठोकून वर आणलेली असतात. काही जण इअरफोन दुसऱ्या मोबाईलच्या माइकला चिकटवून डेसिबलच्या अॅपवर आकडा बघतात, त्याला काही अर्थ नाही, कानाच्या बंद नळीत तोच इअरफोन वेगळाच आवाज करतो. टेस्ट लॅबमध्ये त्यासाठी कृत्रिम कान बसवलेलं डमी डोकं असतं.

आता कोटा. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची टेलिकॉम संघटना) या दोघांनी मिळून २०१८ मध्ये एक स्टँडर्ड काढलं, एच.८७०, त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास असा हिशोब आहे, आणि अँड्रॉइड काय आयफोन काय दोघंही साधारण हेच धरतात. तीन डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दुप्पट, म्हणजे वेळ अर्धा. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ९० ला जेमतेम ४ तास, १०० ला वीस-पंचवीस मिनिटं, तेही अख्ख्या आठवड्यात. ८० वरून ९० ला ऊर्जा दहापट होते पण आपल्या कानाला फरक साधारण 'दुप्पट मोठा' एवढाच वाटतो आणि सगळी गोची तिथेच आहे.

तुमचंच घेऊ. आठवड्याला पंधरा तास ऐकता. ८४ डेसिबलवर ऐकलंत तर शनिवारी घरी येईपर्यंत कोटा बरोब्बर पुरतो. तेच ९० वर ऐकलंत तर, सोमवारी पाटी कोरी धरली तरी, मंगळवारी संध्याकाळी सीएसएमटीहून निघालेली गाडी दादरला पोचेपर्यंत चार तास संपले. मेसेज किती तारखेला नाही, कुठल्या वाराला येतो ते बघा, त्यावरून तुम्ही साधारण कुठे ऐकताय ते कळेल. गाडीचा आवाज त्यातून काढलात की मग बघा.

आणि मूळ मुद्दा, तुम्हाला एवढा आवाज लागतो का? गाण्यासाठी नाही लागत, लोकलसाठी लागतो. उघड्या दारातनं खडखडाट, पंखे, अनाउन्समेंट, वरून काकांचं शेअर मार्केट, हे सगळं झाकायला आपण गाणं त्याच्यावर चढवतो. प्रयोग करून बघा, घरी आलात की व्हॉल्यूमला हात न लावता तेच गाणं तसंच ऐका, पंखा बंद करून. कानावर हात ठेवाल. म्हणून वॉर्निंग मारण्यापेक्षा बाहेरचा आवाज मारा. कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या, रबराची टोपी आपल्या कानाच्या मापाची लावा, डब्यात तीन साइझ येतात आणि लोक मधली लावून मोकळे होतात. फोमची टोपी अजून बरी, ती चुरगळून आत घातली की फुगून बसते. टोपी सैल असली की आधी बास गळतो, मग माणूस बाससाठी आवाज वाढवतो, वाढलेला सगळा तिखट आवाज कानात. नॉइज कॅन्सलेशनवाले परवडत असतील तर घ्या, गाडीची जी जाड घरघर असते ती त्याने चांगली मरते, माणसांचं बोलणं आणि हॉर्न तेवढे मरत नाहीत.

पण हे सगळं गाडीत बसल्यावर. प्लॅटफॉर्मवर, पूल उतरताना, फाटकाजवळ कान मोकळे. याच्यावर वाद नको.

---

चहाबाज:

एवढं गणित करून गाणी ऐकायची तर ऐकूच नये माणसाने 😀 बाकी जपून रहा, त्या अलका याज्ञिक यांचं काय झालं वाचलं ना, हेडफोन लावून लावून ऐकू येईनासं झालं. आणि सरकारनेपण सांगितलंय ५० डेसिबलच्या वर ऐकू नका, दोन तासांच्या वर ऐकू नका.

---

नाशिकची_ताई:

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, रोजचं कामच हे. चहाबाज, अलकाताईंचं तसं नाहीये. जून २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की व्हायरल अटॅकमुळे नसेचा, म्हणजे सेन्सरीन्यूरल, श्रवणदोष झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. मोठ्या आवाजापासून आणि हेडफोनपासून जपा असंही त्यांनी त्यातच लोकांना सांगितलं, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र होऊन व्हॉट्सअॅपवर फिरल्या. त्यांना हेडफोनने झालं असं नाही.

पण यातून एक गोष्ट लक्षात ठेवाच. एका कानाने अचानक, रात्रीत किंवा एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर मळ असेल, सर्दी असेल म्हणून ड्रॉप घालत बसायचं नाही, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसावाल्यांकडे जायचं. त्याचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होतो. महिन्याने येणारे लोक बघून फार वाईट वाटतं.

५० डेसिबलचं म्हणाल तर २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं राज्यांना पत्र गेलं होतं, त्यात तसं आहे, दिवसाला दोन तास आणि मधे मधे ब्रेक. हेतू चांगलाय. पण समोरासमोरचं साधं बोलणंच ६० च्या आसपास असतं, मग लोकलमध्ये ५० वर इअरफोन चालू आहे की नाही हेच कळणार नाही, आणि जो नियम पाळताच येत नाही तो लोक वाचून सोडून देतात. त्यापेक्षा वर सांगितलेला ८० ला ४० तासांचा हिशोब पाळता येण्यासारखा आहे. व्हॉल्यूम ६० टक्के आणि एका वेळी ६० मिनिटं असा जो नियम सांगतात त्याचंही तसंच, काहीच न पाळण्यापेक्षा बरा, पण एका फोनचे ६० टक्के आणि दुसऱ्याचे ६० टक्के सारखे नसतात, इअरफोन बदलला की परत सगळं बदलतं.

आता कानात होतं काय. आतल्या कानात, कॉक्लियात, बारीक केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. जोरात आवाज फार वेळ आला की त्या थकतात, कार्यक्रमाहून घरी आल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटतात, कुंssss असा आवाज येत राहतो, सकाळपर्यंत बरं वाटतं. लोक म्हणतात, झालं ना बरं. पण हे वारंवार झालं तर काही पेशी मरतात आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही.

सुरुवात होते ती ४००० हर्ट्झच्या आसपास, ऑडिओग्रामच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या, कागदावर तिथे स्पष्ट खड्डा दिसतो. त्यामुळे सुरुवातीला माणसाला बहिरं झाल्यासारखं वाटतच नाही, कारण आवाज ऐकू येतो, आ, ओ सगळं ऐकू येतं. जातात ती स, श, फ, थ, ख ही अक्षरं. माझ्याकडे पंचविशीतली मुलं येतात ना, त्यांचं वाक्य ठरलेलं, 'मॅडम ऐकू येतं पण कळत नाही'. साठ म्हटलं की आठ ऐकू येतं, फोनवर ओटीपी दोनदा विचारावा लागतो, हॉटेलात चारजण बोलायला लागले की हसून मान हलवतात. घरचे म्हणतात लक्ष नसतं त्याचं.

फर्स्टक्लास_उभा, तुम्ही वॉर्निंग बंद करायच्या आधी एकदा ऑडिओमेट्री करून घ्या, आवाजबंद खोलीत बसवून करतात, अर्ध्या तासाचं काम आहे आणि दुखत वगैरे काही नाही. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, सरकारी आहे, तिथे होते. नुसता अंदाज घ्यायचा तर हिअर-डब्ल्यूएचओ नावाचं मोफत अॅप आहे, खरखरीच्या मागून आकडे बोलतात ते ओळखायचे. त्याने निदान होत नाही पण जायला हवं की नको ते कळतं.

---

अडाणी_आजोबा:

फोनला अक्कल शिकवताय, गणपतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी डीजेच्या भिंती लावतात त्यांना कोण मेसेज पाठवणार? काचा थरथरतात, फोटो भिंतीवरून पडला आमच्या वडिलांचा. नियम २००० सालापासून आहेत, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, कागदावर.

---

कर्णपिशाच्च:

आजोबा, दुखत्या जागी बोट ठेवलंत. मी त्याच धंद्यातला आहे, माझ्याकडे भिंत मागायला येणाऱ्यांना ८५ आणि ११० मधला फरक सांगितला तर म्हणतात, दादा छातीत वाजलं पाहिजे. यात एक गोष्ट मात्र या धाग्याच्या कामाची आहे, फोन फक्त स्वतः वाजवलेला आवाज मोजतो. विसर्जनाला तासभर भिंतीपुढे नाचलात किंवा ढोलपथकात वाजवलंत तर तो डोस फोनच्या हिशोबात येत नाही, कानाच्या हिशोबात येतो. त्या आठवड्यात फोन हिरवा दाखवत असला तरी हेडफोन दोन-तीन दिवस बाजूला ठेवा. पथकातल्या पोरांनी इअरप्लग घालावे, फोमचे, केमिस्टकडे मिळतात, वीस-तीस रुपयांत जोडी. आमच्याकडची पोरं आधी हसायची, आता न सांगता घालतात. कापसाचे बोळे घालून काही होत नाही.

---

फर्स्टक्लास_उभा:

सगळ्यांना धन्यवाद, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो. गाडी कार किट केली, भावाचा पार्टी स्पीकर पण स्पीकर करून टाकला. इअरफोनची टोपी खरंच मधली होती, माझ्या उजव्या कानाला मोठी लागते आणि डाव्याला मधली, हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पंखा बंद करून घरी ऐकायचा प्रयोग केला, बायको दुसऱ्या खोलीतून विचारत आली कुठलं गाणं लावलंयस 🙈 इअरफोन माझ्या कानात होते.

आता लोकलमध्ये व्हॉल्यूमचे पंधरातले नऊ-दहा घर पुरतात, आधी तेरा लागायचे. मेसेज या आठवड्यात शुक्रवार आला तरी नाहीये. ऑडिओमेट्रीचं बघतो, वांद्र्याला सुट्टीच्या दिवशी चालू असतं का ते फोन करून विचारतो.

एक राहिलं, ऑफिसचे कॉल हेडफोनवर दिवसाला दोन तास तरी होतात, ते पण या कोट्यात येतात का? आणि नॉइज कॅन्सलेशनवाले घेतले तर त्यातून जो उलटा आवाज सोडतात त्यानेच कान खराब होतात असं ऑफिसमधला एकजण म्हणतो, खरंय का?

---

नाशिकची_ताई:

नॉइज कॅन्सलेशनचं ते चूक आहे. बाहेरच्या लाटेवर बरोबर उलटी लाट टाकून दोघी एकमेकींना कापतात, कानात पोचतो तो एकूण आवाज कमीच असतो. काहींना आत दाब आल्यासारखं वाटतं, चक्कर आल्यासारखं वाटतं, तसं झालं तर नका वापरू, पण ऐकू येण्यावर त्याचा परिणाम नाही.

कॉलचं, आयफोनमध्ये ते आठवड्याच्या हिशोबात धरत नाहीत, फक्त गाणी-व्हिडिओ. कॉल सहसा तेवढ्या मोठ्या आवाजात आपण ऐकत नाही. पण ऑफिसच्या गोंगाटात हेडसेट फुल करून बसणारे लोक माझ्याकडे येतात, कॉल सेंटरवाली मुलं जास्त. कानाला कॉल आणि गाणं यात फरक कळत नाही, तेव्हा तिथेही टोपीचं तेच.

---

पिंटूचीआई:

मध्येच घुसते, सॉरी. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला लहान मुलांचे म्हणून मिळतात ते हेडफोन घेतलेत, बॉक्सवर ८५ डेसिबलपर्यंतच जातो असं लिहिलंय. टॅबवर गेम, कार्टून, संध्याकाळचा ऑनलाइन क्लास मिळून रोज तीन तास होतात. ८५ म्हणजे सेफ ना? वर वाचून आता टेन्शन आलं. त्याच्या बाबांचा जुना आयफोनपण तोच वापरतो, त्यात काही लॉक करता येतं का, कारण मी कमी केलं की तो दोन मिनिटांत परत वाढवतो.

---

नाशिकची_ताई:

टेन्शन घेऊ नका, पण ८५ म्हणजे कितीही वेळ चालेल असं नाही. तो आकडा मोठ्या माणसांच्या कारखान्यातल्या आठ तासांच्या हिशोबावरून आलेला आहे. लहान मुलांसाठी वर आलेल्या एच.८७० स्टँडर्डमध्ये ७५ डेसिबलला ४० तास धरलेत. ७५ चा पाया घेतला तर ८५ वर आठवड्याला फक्त चार तास बसतात, आणि तुमच्याकडे रोजचे तीन म्हणजे आठवड्याचे एकवीस होतात. हेडफोन फेकायची गरज नाही, ते फुलच्या बऱ्याच खाली ठेवून वापरायचे, बॉक्सवरचा आकडा ही शेवटची हद्द समजायची.

साधी परीक्षा अशी की त्याने हेडफोन घातलेला असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. ओ दिली तर ठीक, 'काय?' म्हणून हेडफोन काढला तर जास्त आहे. आणि तो स्वतः टीव्ही मोठा करायला लागला, किंवा कानात शिट्टी वाजते म्हणाला, तर तपासून घ्या.

---

भंगार_टेक:

आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये साउंड्स अँड हॅप्टिक्स, त्यात हेडफोन सेफ्टी, तिथे मोठा आवाज कमी करायचं बटण चालू करा आणि आकडा ७५ वर आणा, त्याच्याखाली जात नाही. मग स्क्रीन टाइममध्ये कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्समध्ये जाऊन तेच बदलायची परवानगी बंद करा आणि स्क्रीन टाइमचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा, नाहीतर पोरं तुमच्या बोटांकडे बघून पाठ करतात. सॅमसंगचा टॅब असेल तर साउंड्स अँड व्हायब्रेशनमध्ये व्हॉल्यूम, वर कोपऱ्यात तीन टिंबं, मीडिया व्हॉल्यूम लिमिट, त्याला पिन लावता येतो. ज्या टॅबमध्ये असं काही नाही तिथे हेडफोनवरच व्हॉल्यूमचं चाक असलेला घ्या आणि चाकाला सेलोटेप.

---

पिंटूचीआई:

सॅमसंगच आहे, सापडलं, पिन लावला. आयफोनचं बाबांच्याकडून करून घेते. ऑनलाइन क्लासचं काय करू, हेडफोन काढला तर सासूबाईंची सिरियल आणि मास्तर दोघं एकदम चालू होतात.

---

नाशिकची_ताई:

क्लास आतल्या खोलीत दार लावून टॅबच्या स्पीकरवर घ्या, एकट्या मुलाला स्पीकर भरपूर होतो. सिरियलच्या खोलीत बसवलंत तर तो हेडफोन घालूनही मास्तरांना सिरियलच्या वर चढवणार, आणि पिन लावलाय म्हटल्यावर आता भांडण तुमच्याशी करेल.